कुळथाच्या दाण्यात काय आहे?



मागच्या पावसाळ्यात, निंदणाची घाई जरा ओसरल्यावर, आमच्या बचतगटांच्या बैठकीत एक बाई बोलायला उभी राहिली. आमच्यातलीच, यवतमाळ जिल्ह्यातली, वावरात राबणारी. तिनं आम्हाला सांगितलं आहे की नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा. म्हणून सांगतो आहोत.

तिला छातीत गाठ लागली तेव्हा ती तुरीच्या दाण्याएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. पुढे ओळखीतल्या कुणीतरी एक पावडर आणून दिली. पाकिटावर लिहिलं होतं की कुळथातल्या प्रथिनानं कॅन्सरची गाठ ओळखली जाते आणि विरघळते. सात महिने तिनं ती पावडर सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घेतली. सात महिन्यांत गाठ लिंबाएवढी झाली. मग नागपूर, ऑपरेशन, केमो, केस गेले, उधारी झाली. आज ती बरी आहे, तपासणीच्या तारखा पाळते.

तर त्या बैठकीत तिनं आम्हाला एक प्रश्न विचारला. म्हणाली, "पावडर खोटी होती, हे मला समजलं. पण तिच्यात कुळीथ खरा होता. वास मला समजतो. मंग कुळथात काहीच नाही का?"

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण आमच्याजवळ नव्हतं. "काही नाही" म्हणून तिला बसवणं सोपं होतं. पण मग आम्ही वाचायला बसलो, जाणकारांना विचारलं, आणि आमच्याच तोंडावर हात ठेवायची वेळ आली. कुळथात काही नाही, असं नाही. कुळथात जे आहे ते सत्तर वर्षांमागे उजेडात आलं, तेही आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात. आज बोलायचं आहे ते त्या दाण्याच्या इतिहासावर.

आधी साखरेचं बोलू, म्हणजे घोटाळा होणार नाही. ही चहातली साखर नव्हे. "चहा गोड घेतला की कॅन्सर वाढतो आणि साखर सोडली की तो उपाशी मरतो" असं बरेच जण सांगतात. ते तसं नाही, आणि आजचा विषयही तो नाही. हरभऱ्याचा कोवळा घाटा हातात घ्या. त्यावर बारीक लव असते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीवर तशीच एक लव असते, आणि ती वेगवेगळ्या शर्करांच्या साखळ्यांची बनलेली असते. शास्त्रज्ञ तिला ग्लायकन म्हणतात. रक्ताच्या पेशीची लव वेगळी, आतड्याच्या पेशीची वेगळी, यकृताची वेगळी. कोणती पेशी कुठली, हे या लवेवरून बरंचसं ओळखता येतं, जसं लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून बाई कोणत्या भागातली ते आपण ओळखतो.

आणि ही लव ओळखून तिला धरणारी जी प्रथिनं असतात, त्यांना लेक्टिन म्हणतात. ब्लाऊजचा हुक ज्या काजासाठी केला त्यातच बसतो, तसं एक लेक्टिन ठराविक शर्करेलाच धरतं. बाकीच्यांना ते सोडून देतं. लेक्टिनला बहुधा दोन किंवा जास्त हुक असतात. त्यामुळे ते एका हुकानं ही पेशी धरतं, दुसऱ्यानं शेजारची. मग पेशी पाकातल्या तिळांसारख्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो.

हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? १८८८ साली, आज एस्टोनिया नावाच्या देशात असलेल्या तार्तू गावच्या विद्यापीठात, हर्मन स्टिलमार्क नावाचा विद्यार्थी एरंडीच्या बियांवर प्रबंध लिहीत होता. एरंडीची बी विषारी का, हा त्याचा प्रश्न. त्यानं बियांचा अर्क काढला, जनावराच्या रक्तात टाकला, आणि नासलेल्या दुधासारखं रक्त फाटलं, लाल पेशींचे गोळे झाले. त्या विषाला रायसिन म्हणतात. एरंडेल तेलात ते उतरत नाही, ते मागे राहतं ढेपेत. म्हणून एरंडीची ढेप खत म्हणून वावरात जाते, गुरांपुढे नाही. आपल्या आजीला रायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण कोणती ढेप बैलाला घालायची आणि कोणती नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एरंडीच्या मागोमाग गुंज आली. लाल अंग, काळा डोळा. आपल्या रानात, कुंपणावर तिचा वेल चढतो. सोनाराच्या तराजूत हिला मान होता: आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. या गुंजेतही एरंडीच्या भावकीतलंच एक विष असतं. इथं थोडं थांबून सांगतो. गुंजेचं टरफल दगडासारखं असतं, त्यामुळे अख्खी गुंज पोटात गेली तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. पण लेकरानं ती चावली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज गिळली, तर जिवावर बेततं. घरात लहान मूल असेल तर गुंजेची माळ उंच टांगा, नाहीतर नकोच.

जर्मनीत पॉल एर्लिख नावाचे डॉक्टर होते. १८९१-९२च्या सुमारास त्यांनी या दोन्ही विषांवर जे काम केलं ते बायांनी तर ऐकावंच. त्यांनी उंदरांना एरंडीचं विष अगदी किंचित किंचित चारलं, हळूहळू मात्रा वाढवली. काही दिवसांनी ते उंदीर इतकं विष पचवू लागले की साधा उंदीर तेवढ्यानं मेला असता. पुढे त्यांनी माद्यांची पिल्लं बदलली. जिला विषाची सवय होती तिच्या अंगावर दुसरीची पिल्लं पाजली. ती परकी पिल्लंसुद्धा विषाला टिकाव धरू लागली. संरक्षण दुधातून आलं होतं. आईच्या दुधात रोगाशी लढायचं बळ असतं, हे आपण आज अंगणवाडीत पोस्टरवर वाचतो. त्याचा एक पहिला पुरावा एरंडीच्या बीनं दिला.

या सगळ्यात पन्नास वर्षं गेली तरी लेक्टिन नेमकं काय पकडतं ते कुणाला कळलं नव्हतं. अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी अबईच्या जातीच्या शेंगेतून एक लेक्टिन स्वच्छ वेगळं काढलं, आणि १९३६ साली दाखवलं की साखर घातली की त्याची पकड सुटते. (शिकारीत लहानपणी एक हात गेलेला हा माणूस उरलेल्या एका हातानं प्रयोगशाळा चालवत असे. पुढे त्याला नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी.) साखरेनं पकड सुटते याचा अर्थ काय? हुक साखरेतच अडकत होता.

१९४५च्या आसपास विल्यम बॉइड या शास्त्रज्ञानं आपल्या मदतनिसाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाठवून वाळलेला वाल मागवला. दुसरं कुठलं कडधान्य न मागवता वालच का मागवला, ते आपल्याला कधीच कळणार नाही, असं त्यानं स्वतःच पुढे लिहिलं. त्या वालाच्या अर्कानं ए गटाच्या रक्ताचे गोळे केले, बी गटाला हातही लावला नाही. दाणा माणसाचा रक्तगट ओळखत होता! अशा निवड करणाऱ्या प्रथिनांना १९५४ साली बॉइड आणि त्याची सहकारी एलिझाबेथ शॅपली यांनी लेक्टिन हे नाव दिलं. लॅटिन भाषेत निवडणे या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून. सुपात धान्य घेऊन बसणाऱ्या बाईला हे नाव सहज पटावं.

आता पुण्याकडे येऊ. पुण्यात सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९४८ साली सुरू झालेलं. तिथं रक्त देण्या-घेण्याच्या कामावर जी. डब्ल्यू. जी. बर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या बाजारात मिळणारी कडधान्यं एकेक करून तपासायला घेतली. १९५१ साली 'करंट सायन्स' या बंगळुरूच्या नियतकालिकात आणि १९५२ साली इंग्लंडच्या 'नेचर'मध्ये त्यांनी कुळथाबद्दल लिहिलं. ए गटाच्या रक्ताचे आतून दोन प्रकार असतात, ए-एक आणि ए-दोन. साध्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसतात. कुळथाचा अर्क योग्य प्रमाणात पातळ केला की तो ए-एकच्या पेशींचे गोळे करतो आणि ए-दोनला सोडून देतो. हे वेगळेपण ओळखणारा द्रव माणसाच्या रक्तातून मिळवायचा तर केवढा खटाटोप. कुळीथ किराणा दुकानात पायलीनं मिळतो.

आपल्याकडे कुळीथ फार पेरत नाहीत. कोकणात, पश्चिमेकडे त्याचं पिठलं, शेंगोळे रोजचे. गरिबाचं, डोंगर-उताराचं, खडकाळ जमिनीचं धान्य म्हणून त्याची गणती. त्या दाण्याचा अर्क आज जगभरातल्या रक्तपेढ्यांत वापरतात. कॅन्सरशी याचा संबंध आहे की नाही ते पुढे येईलच, पण आम्हाला हा तुकडा सांगितल्यावाचून राहवलं नाही.

त्याच १९५२ साली मुंबईत दुसरी गोष्ट घडली. केईएम रुग्णालयातल्या डॉ. भेंडे यांच्यापुढे असे रुग्ण आले की ज्यांचं रक्त कुणाशीच जुळेना. ओ गटाचंही नाही. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि इंग्लंडमधले सहकारी यांनी मिळून लिहिलं की हा नवाच प्रकार आहे. त्याला आज जग 'बॉम्बे रक्तगट' म्हणतं. या लोकांच्या लाल पेशींवरच्या लवेत एक शर्करा मुळातच जोडलेली नसते. तिच्यावाचून ए आणि बीची साखळी पुढे वाढतच नाही. आपल्या देशात साधारण १०,००० माणसांत एखादं असं सापडतं. वरवरच्या तपासणीत ते ओ वाटतं, आणि ओ समजून रक्त दिलं तर घात होतो. मग ओळखायचं कसं? तेही एका बीनंच. युरोपात युलेक्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप आहे. त्याच्या बीचं लेक्टिन ओ गटाच्या पेशी पकडतं, बॉम्बे गटाच्या पकडत नाही. रक्तगट म्हणजे शेवटी शर्करांचा फरक, हे इंग्लंडमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या जोडीनं त्याच वर्षांत सिद्ध केलं. वॉटकिन्सबाईंचं आयुष्य याच कामात गेलं. मुंबईच्या त्या लेखावरही दोघांची नावं आहेत.

इथवर रक्त झालं. आता कॅन्सर.

सुरुवात राजम्यानं झाली, आणि ती चुकून झाली. राजम्याचं लेक्टिन लाल पेशींचे गोळे करतं म्हणून प्रयोगशाळेत ते रक्तातून लाल पेशी बाजूला काढायला वापरत. १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला पीटर नोवेल यांच्या ध्यानात आलं की मागे उरलेल्या पांढऱ्या पेशी राजम्याच्या संगतीनं जाग्या होऊन वाढू लागतात, एकीच्या दोन होतात. पेशी दुभागत असतानाच तिच्यातली गुणसूत्रं नीट दिसतात. त्यामुळे माणसाची गुणसूत्रं तपासायचा रस्ता मोकळा झाला. त्याच नोवेल यांनी त्याच वर्षी डेव्हिड हंगरफोर्ड यांच्याबरोबर एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक आखूड झालेलं गुणसूत्र पाहिलं. १९७३ साली जॅनेट रौली या शास्त्रज्ञ बाईनं दाखवलं की ते नुसतं आखूड झालेलं नाही, दोन गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदलले आहेत. त्या बिघाडावर नेम धरून केलेली इमॅटिनिब ही गोळी २००१ साली आली. पूर्वी ज्या कॅन्सरमध्ये माणूस काही वर्षांत जायचा, त्यात आज रोज गोळी घेऊन लोक संसार करतात. विदेशी गोळी महिन्याला लाखाच्या वर जात होती, देशी कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आसपास. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ती स्वस्त गोळी आपल्याला मिळत राहिली.

राजम्याबद्दल जाता जाता. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर याच लेक्टिनमुळे ओकाऱ्या आणि हगवण लागते. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात चांगला खदखदा उकळून शिजवायचा. असं केलं की ते लेक्टिन मोडतं. भिजवणं, पाणी फेकणं, शिजवणं, हे बायांनी शास्त्र जन्मायच्या आधीपासून केलं आहे.

१९६३ साली अमेरिकेतले जोसेफ ऑब गव्हाच्या कोंबातलं एक रसायन पेशींवर टाकून पाहत होते. कॅन्सरच्या पेशींचे गोळे झाले, निरोगी पेशींचे फारसे झाले नाहीत. त्यांना वाटलं, रसायनाचीच करामत. तापवून ते रसायन मारलं तरी गोळे होतच राहिले. मग समजलं की रसायनात थोडीशी भेसळ होती, आणि ती भेसळ म्हणजे गव्हाचं लेक्टिन. त्या भेसळीनं जगाला सांगितलं की कॅन्सर झालेल्या पेशीची लव बदललेली असते.

पुढच्याच वर्षी, १९६४ साली, आपले कुळीथवाले बर्ड पुन्हा आले. या वेळी भुईमूग घेऊन. आपल्या पेशींवर टी नावाची एक छोटी शर्करा-साखळी असते, पण ती निरोगी अंगात उघडी नसते. तिच्यावर दुसऱ्या शर्करेचं झाकण असतं. भुईमुगाच्या दाण्यातलं लेक्टिन ही उघडी पडलेली टी साखळी बरोबर धरतं, हे बर्ड यांनी दाखवलं. आणि छातीच्या, आतड्याच्या, अशा बऱ्याच कॅन्सरमध्ये ही साखळी उघडी पडते. म्हणजे कॅन्सरची पेशी आपली लव अर्धवट विणते. कुठे दोरा मध्येच तोडलेला, कुठे भलताच लांबवलेला.

शिकागोमध्ये जॉर्ज स्प्रिंगर यांनी या टी साखळीचा ध्यास घेतला. त्यांची पत्नी हेदर ब्लाय छातीच्या कॅन्सरनं गेली होती. तिच्या नावानं त्यांनी प्रयोगशाळा चालवली, टी साखळीवरून लस करून छातीचा कॅन्सर झालेल्या बायांना देऊन पाहिली. ती लस नेहमीच्या उपचारात आली नाही. या इतिहासात अशी बरीच कामं आहेत, मनापासून केलेली आणि अर्ध्या वाटेवर राहिलेली.

आता परत आपल्या बाईच्या प्रश्नाजवळ येऊ. कुळथाचं लेक्टिन ज्या शर्करेला धरतं, साधारण त्याच शर्करेला धरणारं एक लेक्टिन युरोपातल्या एका गोगलगाईत असतं. १९८७ साली ब्रिटनमध्ये लेदम आणि सुसान ब्रुक्स यांनी छातीच्या गाठींचे जपून ठेवलेले तुकडे घेतले आणि गोगलगाईच्या लेक्टिननं ते रंगवले. ज्या बायांच्या गाठी रंग धरत, त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं आणि पसरण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे ज्या शर्करेची ओळख कुळथाला आहे, ती शर्करा छातीच्या काही गाठींवर खरोखरच असते. पाकिटावर लिहिणाऱ्यानं हे कुठेतरी अर्धं वाचलं असावं. "गाठ ओळखते" हे अर्धं खरं, "विरघळते" हे त्यानं पदरचं घातलं.

ओळखणं वेगळं आणि मारणं वेगळं. काचेच्या पट्टीवरचा गाठीचा तुकडा रंगवणं वेगळं, आणि पोटातून गेलेली पावडर रक्तातून छातीपर्यंत पोचून नेमकी तीच पेशी धरणं वेगळं. भाजलेल्या, शिजवलेल्या कुळथाचं लेक्टिन तर बहुतेक मोडलेलंच असतं. न मोडलेलं, कच्चं लेक्टिन जास्त घेतलं तर आधी आतड्यालाच धरेल, कारण आतड्याच्या पेशींवरही लव आहेच.

उपचारात लेक्टिन खरं उपयोगी पडलं, पण ते शरीराबाहेर. आणि ते आपल्या जिल्ह्याच्या पिकातून. सोयाबीन! १९८१ साली राइझनर आणि न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या रुग्णांसाठी आई-बापांचा अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, घेतला. तो पूर्ण जुळत नव्हता. तसाच घातला असता तर त्यातल्या काही पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच अंगावर उलटल्या असत्या. त्यांनी सोयाबीनचं लेक्टिन आणि मेंढीच्या लाल पेशी वापरून तो मगज गाळला, उलटणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या, आणि मग रुग्णाला दिला. जन्मतःच रोगाशी लढायची ताकद नसलेल्या कितीतरी लेकरांना पुढे या रीतीनं आईचा किंवा बापाचा मगज देता आला. सोयाबीनच्या भावासाठी आपण दर दिवाळीला रडतो. त्या पोत्यातल्या दाण्याचं हेही एक काम आहे.

मसुराचं काम तपासणीतलं. यकृताच्या कॅन्सरमध्ये रक्तात एक प्रथिन वाढतं, पण ते यकृताच्या दुसऱ्या दुखण्यांतही वाढतं. कॅन्सरमधल्या प्रथिनावरची लव जरा वेगळी असते आणि मसुराचं लेक्टिन ती वेगळी लव धरतं. त्यावरून दोन्हींत फरक करायची रक्ततपासणी निघाली आहे.

यानंतर लोकांचं लक्ष दाण्यांवरून माणसावर गेलं. १९७४च्या सुमारास यकृतात, मग प्राण्यांच्या इतर अवयवांत, अशी लेक्टिनं सापडली. आपल्या अंगातही ती आहेत. त्यांतल्या एका कुळाला १९९४ साली गॅलेक्टिन नाव पडलं. जखम भरणं, पेशींनी एकमेकींना धरून राहणं, सूज आणणं आणि उतरवणं, अशी त्यांची रोजची कामं. कॅन्सर हीच घरची माणसं फितवतो. गॅलेक्टिन-तीन नावाचं लेक्टिन गाठीतून सुटलेल्या पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायला मदत करतं. काही गॅलेक्टिनं आपल्या लढाऊ पांढऱ्या पेशींनाच मारतात. आणि कॅन्सरची पेशी आपल्या लवेवर एका खास शर्करेचा जाड थर चढवते, तो पाहून पहारेकरी पेशींना वाटतं, ही आपलीच आहे, जाऊ द्या.

यावरचं काम आपल्या राज्यातही झालं आहे. टाटा स्मारक केंद्राची खारघरला ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथं डॉ. राजीव कलरैया यांच्या गटानं विचारलं, त्वचेचा एक कॅन्सर उंदराच्या फुफ्फुसातच का जाऊन बसतो? त्यांचं २००९ साली छापून आलेलं उत्तर असं: फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर गॅलेक्टिन-तीन भरपूर असतं, आणि त्या कॅन्सरच्या पेशींवर नेमक्या त्याला धरता येतील अशा लांब साखळ्या असतात. हुक तिथं, काज इथं. पसरणं हे असं वाटेल तिथं नसतं, त्याला पत्ता असतो.

ॲक्ट्रेकचं मूळ म्हणजे मुंबईतली जुनी कॅन्सर संशोधन संस्था. तिथं पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी काचेच्या भांड्यात पेशी जिवंत वाढवायची प्रयोगशाळा उभी केली, छातीच्या कॅन्सरवर काम केलं, आणि १९७३ साली स्त्री शास्त्रज्ञांची संघटना काढायला पुढाकार घेतला. पेशींची लव पाहायची तर आधी पेशी हाताशी हव्यात. त्यांचा तो पाया आहे.

मग औषध कुठे आहे? गॅलेक्टिनची पकड सोडवणारी औषधं माणसांवर तपासली जात आहेत, नेहमीच्या उपचारात अजून आलेली नाहीत. शर्करा धरणारं एक प्रथिन मात्र आलं आहे. लहान मुलांच्या मज्जातंतूंच्या एका कॅन्सरमध्ये पेशीवरची ठराविक शर्करा धरणाऱ्या प्रतिपिंडाला २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते शिरेतून, दवाखान्यात, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर देतात. पाकिटातून नाही.

आपल्या बाईनं आम्हाला बजावून सांगायला लावलेली गोष्ट सांगतो. छातीत गाठ लागली, बोंडीतून पाणी आलं, कातडीला खळी पडली, तर दुखायची वाट पाहू नका. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, पंधरा दिवसांत तोंडातली जखम भरली नाही, तोंड उघडेना, तर दाखवा. आणि खर्रा बायाही खातात, हे आपल्या गटात तरी लपवायचं कारण नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं, तर सांगा. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांची तोंड, छाती आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातून करण्याचा कार्यक्रम आहे. आशाताईला विचारा. ती म्हणते, "मी त्या सात महिन्यांत एक दिवस जरी गेली असती तं."

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही तिला घेऊन एका रक्तपेढीत गेलो. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी फ्रिजमधून बोटाएवढी बाटली काढून दाखवली. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, डोलिकॉस बायफ्लोरस, म्हणजे कुळीथ. पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर बाटलीतला थेंब, आणि बघता बघता रवाळ दाणे जमले. दुसऱ्या थेंबात काहीच झालं नाही, तो ए-दोन होता. बाई बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिनं विचारलं, झाकण उघडून वास घेऊ का? ताई हसल्या आणि नाही म्हणाल्या.